पेंटरकाकांनी काढलेलं दार

पेंटरकाकांना जन्मात कधी स्वस्थ बसता आलं नाही. चहासुद्धा उभ्यानंच घ्यायचे. सगळं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. मग छापील फलक आले आणि काका घरी बसले. बसले कसले! काकूंच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावत सुटले.

"अहो, कुठंतरी जा," काकू म्हणाल्या. "माझं डोकं फिरायच्या आत."

म्हणून ते बालगृहात जायला लागले. मार खाऊन, हाल सोसून आलेली मुलं तिथं राहायची. व्हरांड्याची लांबलचक भिंत मुलांकडून रंगवून घ्यायची, असं अधीक्षकबाईंच्या मनात होतं. "चित्र काढता काढता मोकळी होतात हो," त्या म्हणाल्या. काकांना ते काही पटलं नाही. रंग म्हणजे काय औषध आहे? पण हात शिवशिवत होते, आणि भिंत कोरी होती.

तिथल्या एका मुलीला सगळी मुलं 'कोपरी' म्हणायची, कारण ती कायम कोपऱ्यात असायची. वय असेल तेरा-चौदा. हो-नाहीपलीकडे बोलणं नाही. तिनं भिंतीवर एक पिवळंधमक घर काढायला घेतलं. खिडक्या पार वर, छपराला टेकलेल्या. रंगवताना ती गुणगुणायची. एके दिवशी तिनं आपणहून विचारलं, "काका, पिवळा अजून आहे?" काकांनी हे काकूंना जेवताना सांगितलं, भांडी घासताना सांगितलं आणि झोपताना पुन्हा सांगितलं.

मग भिंत बघायला संस्थेचे पाहुणे येणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी मुलं जेवायला गेली आणि काका भिंतीवरचे ओघळ पुसत फिरू लागले. पिवळ्या घरापाशी थबकले. घराला दारच नव्हतं.

"विसरली वाटतं वेंधळी," ते पुटपुटले. चुकलेली पाटी त्यांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. झकास तपकिरी दार काढलं, कडी काढली, आणि पाहुणे यायचेत म्हणून दार जरा उघडंच ठेवलं. खूश होऊन घरी गेले.

सकाळी आले तर कोपरी खाटेखाली शिरलेली. बाई हवालदिल.

"दार कुणी काढलं?" खाटेखालून आवाज आला.

"मी गं."

"आता तो येईल ना आत!"

"तिचा सावत्र बाप," बाई हळूच म्हणाल्या. स्वतःची इतकी चीड काकांना कधीच आली नव्हती.

ते व्हरांड्यात येरझारा घालू लागले. पिवळ्याचा डबा उचलला, ब्रश बुडवला, दारापर्यंत नेला आणि थांबले. परत न विचारताच? डबा घेऊन ते खाटेपाशी आले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली फरशीवर बसले.

"चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. दार बुजवायचंय. मी बुजवू, का तू?"

काकांचे पाय वळवळत होते, बोटं डब्यावर वाजत होती, पण उठले नाहीत. पाहुण्यांची गाडी फाटकाशी आल्याचं कुणीतरी ओरडत गेलं, तरी उठले नाहीत.

शेवटी खाटेखालून एक हात आला. "पिवळा नको. विटांचा लाल द्या."

भिंतीपाशी येऊन तिनं दारावर खालपासून विटा काढायला सुरुवात केली. एकीवर एक, जाडजूड, वेड्यावाकड्या. दार अर्धं बुजलं होतं तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि तिचा ब्रश थांबला.

"काका, तुम्ही इथं पुढं उभे राहा. कुणी आलं तर सांगा, घरी कुणी नाही."

काका उभे राहिले. ओला लाल रंग सदऱ्याला लागला. मागं ब्रश पुन्हा चालू लागला. पाहुण्यांतले एक उंच गृहस्थ हसत हसत पुढं झाले.

"वा, छान घर आहे! कोण राहतं इथं?"

काकांनी दोन्ही हात पसरले.

"घरी कुणी नाही," ते म्हणाले. "नंतर या."