येडूच्या रानातली माती

शिवलिंगप्पा कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. पंचावन्न उलटलेली, गुडघे केव्हाच गेलेले, तरी भवानी पेठेतून चालतच यायचा. वनस्पतिशास्त्राच्या विजयमालाबाई शेतातल्या मातीतलं शेवाळ मोजत होत्या. ओल आटली, ऊन वाढलं, क्षार वर आले की त्याचं काय होतं, हा त्यांचा प्रबंध. माती आणायची शिवलिंगप्पानं. दोन वर्षं, दर महिन्याला, माढ्याजवळच्या येडू नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून. बाई गेल्या त्या पहिल्यांदाच. नंतरचे पॅसेंजरचे धक्के आणि ढेकळांतली पायपीट एकट्या शिवलिंगप्पाची.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जमीन भाजून निघाली. माती घातलेल्या काचेच्या बश्या खिडकीत ठेवून रोज पाणी शिंपडलं, तरी मातीवर एखादाच हिरवा ठिपका उमटायचा. एप्रिलच्या मातीनं मात्र तीन आठवड्यांत हिरवीगार साय धरली. बाई हरखल्या. असल्या उन्हाला पुरून उरलेलं शेवाळ! त्यांनी नवं प्रकरणच लिहून काढलं. प्रबंध द्यायला महिना उरला होता.

या हिरव्या सायीचं कारण शिवलिंगप्पाला ठाऊक होतं. तळं कोरडं पडलं तसा येडूनं त्यातला गाळ गाड्या भरभरून रानात पसरला होता. दुष्काळात शहाणा माणूस दुसरं काय करणार? शिवलिंगप्पानं वरचा गाळच, त्यातल्या तळ्याच्या शेवाळासकट, पिशवीत भरला. रान तेच, मग माती वेगळी कशी, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरं म्हणजे वाकून खालचं खणायचं त्राण नव्हतं.

सांगावं तर पुन्हा माढा. न सांगावं तर बाईंचं लिहिणं खोटं. चार दिवस तो नुसत्या बश्या धूत राहिला. पाचव्या दिवशी बाईंनी प्रकरण टायपिंगला नेऊन द्यायला सांगितलं, तेव्हा त्यानं हात पुढे केला नाही.

"बाई, ती माती रानाची न्हाय. तळ्यातला गाळ हाय."

"हे आत्ता सांगताय?"

"व्हय. आदीच सांगायला पायजे हुतं."

बाईंनी त्याला फैलावर घेतलं. तो ऐकत राहिला; उभं राहून पाय भरून आले होते. शेवटी त्याही दमल्या, खुर्चीत टेकल्या आणि गाळ न पडलेली जागा कुठं उरली आहे का, असं विचारलं.

"हाय की. वरच्या बांधाला. तितं गाडी वळत न्हाय."

पाऊस लागायच्या आत ती माती हवी होती. बाईंनी रिकामी पिशवी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही.

"ह्या खेपंला तुमी बी चला, बाई. लोकं रानात काय काय टाकत्यात, ते माज्याच सांगण्यावर कुटवर चालायचं?"

पिशवी स्वतःच्याच पर्सला अडकवून बाईंनी सकाळची गाडी कितीची, ते विचारलं.