उजव्या जांघेतले बाबा

प्रत्येक माणूस आपल्या पूर्वजांना सोबत घेऊनच चालत असतो. हे वाक्य मी सौंसरला एका निवृत्ती समारंभात ऐकलं. वक्त्याच्या खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ होता आणि टाळ्या भरपूर पडल्या. मीही टाळ्या वाजवत उठलो आणि अर्धवट वाकलेला तसाच राहिलो. पुढे होईना, मागे होईना. माझे पूर्वज म्हणजे एकटे बाबा, आणि ते त्या दिवसांत माझ्या उजव्या जांघेत मुक्कामाला होते.

मी राहतो पांढुर्ण्याला, नोकरी सौंसरच्या एका सरकारी कचेरीत. सकाळी माझ्याच वयाच्या चार माणसांबरोबर तिगावच्या बाजूला सायकल चालवतो. आमच्या गटाचा फोटो रोज निघतो. सायकल एखाद्या दिवशी कमी चालली तरी फोटो चुकत नाही. त्यानंतर कार, मग खुर्ची, मग पुन्हा कार, आणि घरी सोफा. दिवसभर बसण्याचं पाप सकाळच्या सायकलनं धुऊन निघतं, अशी माझी श्रद्धा होती. एकादशीला साबुदाणा खाणाऱ्या माणसाची असते तशीच.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. खुर्चीतून उठलं की पहिली काही पावलं कंबर सरळच होत नसे. जांघेतून पाठीपर्यंत कुणी आतून दोरी आवळून धरल्यासारखं वाटे. थोडं चाललं की दोरी सैल पडे आणि मी ते विसरून जाई. पाठ दुखते म्हणून पाठीला मलम चोळलं. मलम चांगलं असावं, कारण वास आठवडाभर टिकला.

मग एक दिवस संत्र्याच्या मंडीजवळ गाडी लावून मी उतरलो, तर पानठेल्यावरचे एक म्हातारे माझ्याकडे बघतच राहिले. ते बाबांच्या ओळखीतले.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले, "मले वाटलं तुहा बापच येऊन राह्यला."

"ते कसे येतील आता?"

"तेच त म्हणतो. म्या त चुना लावलेलं पान खाली टाकलं."

ते हसले, मीही हसलो. बाजूला कापडाचं दुकान होतं. त्याच्या काचेत मला एक माणूस दिसला: धड पुढे झुकलेलं, उजवं पाऊल आखूड पडणारं, एक हात कमरेवर. काचेपलीकडचे पुतळे साड्या नेसून ताठ उभे होते. त्यांच्यापुढून बाबा चालत गेले. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बाबा ट्रक चालवत. संत्री भरून दिल्लीला जायचं, रिकामं किंवा मिळेल तो माल घेऊन परत. मला आठवतात तेव्हापासून ते असेच चालत, आणि ते तसे का चालतात हे पांढुर्ण्यात कुणालाही विचारावं लागत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे जाम नदीच्या मधोमध झेंड्याचा पळस रोवतात आणि एका काठानं पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठानं सावरगावचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. त्यामुळे आमच्या गावात चाळिशीच्या पुढचा पुरुष लंगडत असेल तर "काय झालं" असं विचारत नाहीत. "कोणत्या सालचा?" असं विचारतात. बाबांना चहाच्या टपरीवर खुर्ची मिळे, ती याच हिशेबात. गोटमारीची खूण आहे, बसू द्या.

मी गोटमार आयुष्यभर गच्चीवरून पाहिली. तरी त्या वर्षी मलाही लोक आदरानं विचारू लागले, "भाऊ, कोणत्या सालचा?"

खरं सांगायचं तर हसण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. बाबांचं पुढे काय झालं ते मी पाहिलं होतं. आधी काठी आली, मग भिंत धरणं आलं, मग खाट. शेवटच्या काळात ते पाठीवर सरळ निजूच शकत नसत. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजत. तिरडीवर बांधतानाही त्यांचा उजवा गुडघा खाली बसेना. बांधणारा म्हणाला, "राहू द्या, त्याले तशीच सवय हाय." पांढऱ्या कापडाखाली तो गुडघा जरासा वर राहिला, आणि घाटापर्यंत मी दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही. मला मरणाची भीती वाटते असं मी म्हणणार नाही. त्या गुडघ्याची वाटत होती.

शेवटी खुब्याचा एक्स-रे काढून सौंसरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. वय तिशीचं, माहेर पांढुर्ण्याचं, दवाखाना एका औषधांच्या दुकानाच्या वर. जिना चढतानाच त्यांनी मला वरून पाहिलं असावं, कारण दुखतं कुठे हे त्यांनी विचारलंच नाही. टेबलाच्या अगदी काठावर बसवलं, मग आडवं केलं आणि डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायला लावला.

"आता उजवा पाय सोडून द्या, सर."

"सोडला."

"नाही सोडला. पूर्ण सोडा."

"मॅडम, याच्याहून जास्त मला सोडता येत नाही."

"मग मान उचलून बघा."

मी बघितलं. मांडी टेबलावर टेकायला हवी होती. ती अधांतरी होती, आणि तिच्या टोकाला गुडघा जरासा वर राहिला होता. पांढरी चादर टेबलावर होतीच. मी मान खाली ठेवली आणि छताचा पंखा बघत राहिलो.

बाईंनी समजावलं ते असं. कमरेच्या मणक्यांपासून एक लांब स्नायू निघतो, पोटाच्या आतून, आतड्यांच्या मागून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूनं वर चिकटतो. त्याला सोअस म्हणतात. पाय उचलायचं काम त्याचं. बसलं की तो आखूड स्थितीत असतो, आणि तासन्‌तास बसवलं की तेवढंच आपलं माप असं धरून चालतो. मग उभं राहिलं की तो कण्याला पुढे ओढतो. दुखते पाठ, कधी जांघ. आणि जो ओढतो तो इतका खोल असतो की मलम तिथे पोचत नाही.

"पण मी सायकल चालवतो," मी म्हणालो.

"सायकलवर कंबर सरळ होते का, सर?"

मी विचार केला. सायकल, कार, खुर्ची, सोफा. माझी कंबर दिवसातून कधी सरळ होते ते मला आठवेना.

"प्रत्येक कंबरदुखी यानंच होते असं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या खुब्याचा एक्स-रे चांगला आहे, म्हणून म्हणते. घरात कुणाला असं होतं?"

"वडिलांना. पण त्यांना गोटा लागला होता."

"कुठे?"

मी जांघेवर हात ठेवला. बाई पांढुर्ण्याच्या, त्यामुळे हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चालता येणार नाही एवढा गोटा तिथं लागला असता तर हाड मोडलं असतं. मोडलं होतं?"

मला माहीत नव्हतं. घरी आलो तर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, बाबांना गोटा नेमका कुठे लागला होता?"

"कोणता गोटा?"

"गोटमारीचा."

"त्यायले कधी लागला गोटा? पाय धरला त्या साली ते दिल्लीले होते, गाडी घेऊन."

"मग सगळं गाव म्हणतं ते?"

"गाव म्हणे. हे नाही म्हणत नव्हते."

"काहून?"

आईनं शेंगा बाजूला सारल्या. "लंगड्याच्या हाती कोण ट्रक देते बाप्पा? अन्‌ गोटमारीचा लंगडा म्हटलं की शेठ म्हणे, मर्द गडी हाय, चालवू द्या त्याले."

"दवाखान्यात तरी दाखवायचं होतं."

"दवाखान्यात फोटो काढते. फोटोत गोटा दिसला असता का?"

एवढं बोलून ती पुन्हा सोलू लागली. मला बाबांची परत आलेली गाडी दिसली. दार उघडून ते खाली उतरत आणि लगेच चालायला लागत नसत. दाराची दांडी धरून उभे राहत, जणू कुणाची वाट बघत. आम्हा पोरांना वाटे की ते गाडीला निरोप देतात. दिल्लीपासून घरापर्यंत उजवा पाय अ‍ॅक्सिलेटरवर, कंबर दुमडलेली. त्या दांडीला धरून ते फक्त सरळ व्हायची वाट बघत असत. सगळ्या गावानं त्यांना मान दिला, आणि त्या मानापायी त्यांचं दुखणं कुणी तपासलं नाही.

मी व्यायाम सुरू केला. एक गुडघा जमिनीवर टेकायचा, कुल्ला आवळायचा, पोट आत, आणि कंबर हळू पुढे न्यायची. पाठीला बाक आणून फसवाफसवी करायची नाही. नुसतं ताणून भागत नाही, जोरही यायला हवा, म्हणून उताणं पडून गुडघा हाताच्या विरोधात वर ढकलायचा. कचेरीत थोड्या थोड्या वेळानं उठायचं. सरकारी कचेरीत याला परवानगी लागत नाही, तिथली ती परंपराच आहे. अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून पायी एक फेरी मारायची.

फरक सावकाश पडला, आणि सरळ रेषेत नाही. थंडीच्या सकाळी पहिल्या पावलाला बाबा हजर असत. ज्या दिवशी ते नसत त्या दिवशी बरं वाटे, आणि मग जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटे. ताण देताना, जिथे हात पोचत नाही अशा त्या खोल जागी, कुणीतरी एकेक बोट सोडतंय असं वाटायचं. मी असल्या गोष्टी मानत नाही. मानत नाहीच. पण तेवढा वेळ डोळे मिटून घेत असे.

पोळ्यानंतर एकानं बाजारात विचारलंच, "भाऊ, कोणत्या सालचा?"

"खुर्चीचा आहे," मी म्हणालो.

त्यानं तो माझा विनय समजला आणि चहाचे पैसे दिले.

मग एक दिवस त्या टेबलाच्या काठावर मांडी खाली गेली आणि टेकली. गुडघाही खाली लोंबला. बाई "छान" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी जिना कठडा न धरता उतरलो. घरी पोचलो तर आई ओट्यावर बसली होती. फाटकापासून ओट्यापर्यंत मी मुद्दाम हळू चाललो. ती टक लावून बघत होती.

"सुधारली का चाल?" मी विचारलं.

"हव. सुधारली."

"आता बाबांसारखी नाही ना दिसत?"

"नाही." तिनं नजर माझ्या पावलांवर नेली. मग म्हणाली, "आता बरोबर तुह्या मामासारखा चालून राह्यला."

मामांचे तळपाय सपाट होते.