लेखकाच्या घरातले माझे जाते

आमच्या गल्लीच्या टोकाला एका मोठ्या लेखकाचे घर आहे. त्याचे लहानपण तिथे गेले. पुढे तो पुण्याला गेला आणि पुस्तके लिहून नावाजला. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, त्यात आपल्या गावचा माणूस मराठीत एवढा मोठा झालेला. म्हणून शाळेच्या मास्तरांनी ते घर सारवून घेतले आणि लोकांना पाहायला खुले केले. पण घर रिकामे. पाहायला ठेवणार काय? मग गावातून जुन्या वस्तू गोळा झाल्या. कोणी समई दिली, कोणी पाळणा. मी जाते दिले, चार दिवसांच्या बोलीवर.

तेवढ्यात लेखक स्वतः आले. जात्यापाशी बसले, खुंट्याला हात लावला आणि म्हणाले, "आई यावरच दळायची." डोळे पुसले, नमस्कार केला. जाते माझ्या सासूने वाटूरच्या बाजारातून आणलेले. पण रडणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

जाते तिथेच राहिले. मी जावेच्या जात्यावर दळत होते आणि दळणाबरोबर तिची बोलणी खात होते. त्यात मुलीचे लग्न ठरले. लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची असते. उसन्या जात्यावर दळली असती तर जावेने ते जन्मभर ऐकवले असते.

मास्तरांकडे गेले.

"न्हाई जमायचं, वहिनी. खुद्द त्यांनी नमस्कार केलाय त्याला. मंठ्याहून लोक बघायला येऊन राह्यले."

"मंग मीच सांगते त्यांना जातं कुणाचं ते."

"गावाच्या अब्रूचा सवाल आहे."

"आन् माझ्या पोरीच्या हळदीचा?"

मास्तरांनी त्या घराची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बरं, जातं हलवू नका," मी म्हणाले. "आमीच तिकडं येतो."

दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी घेऊन गेले. जात्याला आंब्याची पाने बांधली, पूजा केली, गाणी म्हणत हळद दळली. मास्तर दारातून सांगत होते, "बिलकुल सांडू नका." हळद ती, सांडल्याशिवाय कशी राहील?

पुढचे मात्र मी ठरवले नव्हते. जाते देण्याआधी मी पाथरवटाकडून त्याला टाकी लावून दगडात नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या, त्यामुळे हळद अगदी मऊ निघाली. बायांनी ती चिमटीत धरून पाहिली. लगेच दुसऱ्या पहाटे एकजण जवारीचे सूप घेऊन लेखकाच्या दारात. मग रांगच लागली.

"मास्तर, जल्दी खोला, पोरं भुकेली हायती."

"अहो, ही काय गिरणी आहे?"

"तुमीच म्हणल्ते, हे घर साऱ्या गावाचं."

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तर जाते बैलगाडीत घालून माझ्या दारात आले. "घ्या तुमचं. पाळण्यातसुद्धा कोंडा गेलाय."

जात्याच्या जागी जमिनीवर हळदीचे पिवळे कडे उमटले होते. मास्तरांनी वरून सारवून पाहिले, तरी ते निघेना. आता पाहुणे आले की मास्तर ते कडेच दाखवतात. काहीजण हात जोडतात. मी मध्ये पडत नाही. जावेच्या जात्याला टाकी नाही, तिचे दळण हल्ली माझ्याकडे असते. ती दळते, मी ऐकवते.