मागेपुढे सर

आमचे सर कोणत्याही प्रश्नाचं उत्तर पटकन देत नसत. भरती आहे की ओहोटी असं विचारलं, तर रेवदंड्याच्या धक्क्यावर उभे राहून खांबावर पाणी कुठवर आलंय ते बघत, दहा मिनिटांनी पुन्हा बघत आणि मग म्हणत, "चढतंय. सावकाश." अख्खा क्लास त्यांना 'मागेपुढे सर' म्हणायचा, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मिठागरात वाढलेला हा माणूस चौलला दोन खोल्यांत सी ही संगणकाची भाषा शिकवायचा. गणितातलं एखादं फंक्शन एका ठिकाणी किती वेगाने बदलतंय, हे काढायची त्यांची रीत एकच. एक पाऊल पुढची किंमत घ्यायची, तीतून एक पाऊल मागची वजा करायची आणि दोन पावलांच्या अंतराने भागायचं. "माजा बा मिठाचं पानी असंच बघायचा," ते सांगत. "सकाली बघायचा, सांजंला बघायचा. दुपारी किती झपाट्यानं आटलं, त्याला बरोबर कलायचं."

मी अतिशहाणा. पाऊल जितकं लहान तितकं उत्तर नेमकं, असं धरून मी फ्लोट या सीमधल्या दशांश संख्यांच्या प्रकारात दशांशचिन्हापुढे नऊ शून्यं देऊन मग एक लिहिला. दोनच्या ठिकाणी संख्येच्या वर्गाच्या बदलाचा वेग चार यायला हवा होता, पडद्यावर आलं शून्य. सर हसले नाहीत. "फ्लोटला सातेक आकडे धरता येतात. एवढं बारीक पाऊल टाकलंस, तर तू हललास हे त्याला कलंल कसं?" पाऊल एक शतांश केलं आणि चार आले.

गेल्या वर्षी सर आजारी पडले. बरे होणार नव्हते, हे मला माहीत होतं. पुण्याहून मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचो. चेहरा कालच्यासारखाच दिसायचा. "बरा हाय. ये सवडीनं," ते म्हणायचे. मग मी सुट्टी पुढे ढकलायचो. भेट राहून जाईल ही भीती रोज वाटायची आणि तो चेहरा दिसला की रोज निवायची.

एका रविवारी फोनमध्ये चार महिन्यांपूर्वीच्या कॉलचा फोटो सापडला. तो आजच्या कॉलमधल्या चेहऱ्याशेजारी धरला, तर सर निम्मे झाले होते. रोज बघूनही मी पुन्हा शून्यच काढत बसलो होतो. तसाच निघालो.

सरांना उठून बसवत नव्हतं. माझ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "वाललास रं. पुन्यात जेवत न्हाईस?"

आठवड्याने ते गेले. गावी असलेल्या आईलाही मी रोज व्हिडिओ कॉल करतो. पण महिना झाला की जाऊन तिला बघून येतो.