चालू हालतीतली जिनिंग

हिंगोलीच्या रस्त्याला माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी काढायची, एवढंच काम. पण तेव्हा कायद्याने कापूस विकत घ्यायचा तो फक्त सरकारने, आणि सरकी काढायला आमच्याकडे पाठवायचा. आमच्या मशिनी जुन्या, म्हणून यायचाही थोडाच. नव्या घ्यायला पैसा लावणारा हवा होता.

नव्वदच्या दशकात इंदूरचा एक शेठ भागीदारीला तयार झाला. अण्णा हरखले. इकडे कापूस किती पिकतो ते शेठला दिसावं, म्हणून शिरड शहापूरच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना त्यांनी सांगितलं, सरकारी केंद्रावर जाताना गाड्या आमच्या आवारातून न्या. लोक एवढे हौशी, की पोळ्यासारखी बैलांची शिंगं रंगवून आले! आवार पांढरंशुभ्र झालं. शेठ मूठभर कापूस चाचपत म्हणाला, "बढ़िया माल है. इसमें से हम कितना खरीद सकते हैं?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे.

"एक बोंडबी न्हाई, शेठ. कायदा हाय."

"फिर मैं पैसा किसमें डालूँ? कानून बदले तो बुलाना."

गाड्या केंद्राकडे गेल्या, शेठ स्टेशनकडे.

कायदा बदलेल त्या दिवशी मशिनी चालल्या पाहिजेत, हा एकच ध्यास अण्णांनी घेतला. सकाळी अंघोळ झाली, की देवाच्या आधी मशिनींना तेल.

"काहून मशिनीत तेल वतून राहिले तुमी? घरात फोडणीला न्हाई!" आई करवादायची.

मलाही त्यांचा राग यायचा, आणि कायद्याचा जास्त. शेतकऱ्याच्या भल्याचा आहे म्हणे. असेल. आमचं काय?

दोन हजारनंतर तो खरंच सैल झाला. अण्णांनी इंदूरला फोन लावला. शेठने पैसा केव्हाच गुजरातेत लावला होता. आमच्याच रस्त्याला बाहेरच्यांनी नवी, मोठी जिनिंग टाकली. कापसाच्या गाड्या आमच्या फाटकावरून सरळ पुढे जाऊ लागल्या.

शेवटी भंगारवाल्याला मीच बोलावलं. त्याने काटा मांडला, तसे अण्णा पुढे झाले.

"थांबा. आधी चालू करून दावतो."

त्यांनी पट्टा चढवला, बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात रोलर फिरले, कुठे खरखरसुद्धा नाही. अण्णांनी मोठ्या आशेने भंगारवाल्याकडे पाहिलं.

"चाचा, बंद करो," तो म्हणाला. "चालू हो या बंद, लोहे का भाव तो वही है."

अण्णांनी मशीन बंद केली. तेलाचा डबा उचलला आणि घरात नेऊन ठेवला.