स्केल बाबूंची शिकवणी

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर फूटपट्टी ठेवून वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. स्टीलची बारा इंची पट्टी, एका टोकाला भोक असलेली. ओळ वाचायची असली की ती आडवी धरायची, रकाना उतरायचा असला की उभी. त्या पट्टीनं स्क्रीनवर इतके ओरखडे उमटले होते की नवा मॉनिटर आला तेव्हा तो या माणसाच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही, असं सगळ्या विभागानं एकमतानं ठरवलं. शेवटी तो त्यांच्याच टेबलावर गेला, कारण एक्सेलच्या शीटमध्ये फॉर्म्युले घालणं दुसऱ्या कुणालाच धड येत नव्हतं. सगळे त्यांना स्केल बाबू म्हणायचे. मी काका म्हणायची. त्या लांबलचक हॉलमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो.

जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात, स्टोअर विभागात, मी अनुकंपेवर लागले होते. म्हणजे नवरा गेला आणि मला खुर्ची मिळाली. अशा बाईचं अभिनंदन करावं की सांत्वन, ते लोकांना कळत नाही, म्हणून बहुतेक जण दोन्ही न करता पुढं सरकतात. खुर्चीला एक अट होती. दोन वर्षांत कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची, त्यासाठी संधी दोनच, आणि दुसऱ्यांदा नापास झालं तर नेमणूक रद्द. पहिल्या संधीत मी व्यवस्थित आपटले. टायपिंग जमलं, पत्र जमलं, पण शीट समोर आली तेव्हा मी तासभर चौकोनांकडं पाहत बसले. नोकरी गेली असती तर सदर भागातली भाड्याची खोली सोडून मझौली गावी दिरांच्या घरी राहायला जावं लागलं असतं. सासूबाई आधीच तिकडं गेल्या होत्या. तिथं कुणी वाईट नव्हतं, पण मागच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या चुलीवर चहा कधी होतो याची वाट पाहणं मला नको होतं. चौतीस वर्षांची होते मी.

निकालाच्या दिवशी दुपारी मी जिन्यात बसून डबा खात होते. काका समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काहून रडून राहिली?" मी रडत नव्हते, मिरची लागली होती. पण तसं सांगितलं असतं तर ते निघून गेले असते, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी यायचं, असा हुकूम झाला. तिथला नियमही त्यांनी तेव्हाच सांगितला. आधी शिकायचं, मग जेवायचं. भूक लागली की माणूस लवकर शिकतो, असं त्यांचं मत होतं. माझ्या बाबतीत ते साफ खोटं ठरलं, पण नियम काही बदलला नाही.

पहिला आठवडाभर त्यांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. गोदामात नेलं. तिथं लोखंडी मांडण्यांच्या प्रत्येक खणाला अजूनही जुनी पुठ्ठ्याची कार्डं लटकत होती. डावीकडं वस्तूचा नंबर, मग नाव, मग खण कुठला, मग नग किती. त्यांची सगळी नोकरी अशा कार्डांत गेली होती. मला एक नंबर द्यायचे आणि पट्टी हातात द्यायचे. डावीकडच्या रकान्यात नंबर सापडेपर्यंत खाली उतरायचं, सापडला की पट्टी आडवी करायची आणि उजवीकडं जायचं. "आधी खाली, मग उजवीकडं. डावीकडं वळून पाहायचं नाही. व्हीलुकअप म्हणून राहिले ना सगळे, ते हेच आहे. मशीन फक्त पट्टी धरते." नवऱ्याच्या आजारपणात डॉक्टरांनी समजावलेलं मला इतकं कळलं नव्हतं. आठवड्यानंतर की-बोर्ड समोर आला तेव्हा मी फॉर्म्युला लिहिला आणि उत्तर आलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पोळी मोडत होते.

सूत्रात चार गोष्टी सांगायच्या असतात. काय शोधायचं, कुठं शोधायचं, कितव्या रकान्यातलं हवं, आणि शेवटी शून्य. शून्य म्हणजे अगदी तेच हवं. ते घातलं नाही तर मशीन आपल्या मनानं जवळपासचं काहीतरी आणून देतं, आणि तेही अशा थाटात की शंका येऊ नये. या शून्यावर काकांचा फार जीव होता. आणि उत्तर सापडलं नाही की चौकोनात #N/A अशी इंग्रजी खूण येते, ती आली की मी घाबरायची. ती झाकायचा एक फॉर्म्युला असतो, इफएरर. विभागातल्या पोरांनी मला तो गुपचूप शिकवला. माझ्या शीटमध्ये सगळीकडं स्वच्छ रिकामे चौकोन पाहून काकांनी तो ताबडतोब काढायला लावला. सापडत नसेल तर सापडत नाही म्हणू दे, त्यात लाज कसली, असं ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डब्यातलं लोणचंही मला दिलं नाही.

स्वतःबद्दल ते फारसं सांगत नसत. बायको जाऊन अठरा वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला होती, आणि ते कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत होते, एवढं मला इतरांकडून कळलं. दिवसभर हिंदी बोलायचे, जेवणाच्या सुट्टीच्या अर्ध्या तासात मराठी. ती बोलतानाही मधेच अडखळायचे, शब्द शोधायचे, आणि सापडला की जरा खूश व्हायचे. मलाही त्या अर्ध्या तासाची सकाळपासून ओढ असायची, हे आज कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळी पाच ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

सरावासाठी त्यांनी मला एक खरं काम दिलं. मराठी मंडळाच्या गणपतीत रोज संध्याकाळी चार घरांकडं आरती आणि प्रसादाची पाळी असते. कुणाची कुठल्या दिवशी, याची यादी काका वर्षानुवर्षं करत आले होते. एका शीटवर दिवस आणि सभासदांचे नंबर, दुसऱ्या शीटवर सगळ्या घरांचे नंबर, नावं आणि फोन, पण नंबरांच्या क्रमानं न लावलेले. त्या दुसऱ्या यादीत जबलपूर सोडून गेलेली घरंही होती. कुणी निवृत्त होऊन पुण्याला, कुणी मुलाकडं नागपूरला. इथं असलेल्यांपेक्षा गेलेल्यांची यादी मोठी, असं मी एकदा म्हटलं. "गेले म्हणून काय झालं? इथं होते ना," म्हणाले, आणि एकही ओळ काढू दिली नाही. मी नंबरावरून नावं आणि फोन ओढले, सगळे चौकोन टपाटप भरले, आणि अभिमानानं प्रत्येक घराला निरोप पाठवले. काकांना तपासायलाही दिलं नाही. शेवटचं शून्य मी घातलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन घरं आली, ती ठीक. दुसऱ्या दिवशी एकच कुटुंब आलं आणि त्यांना शेवटच्या चार दिवसांचंही बोलावणं होतं, म्हणून त्या बाई जरा फुगल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवात कुणीच आलं नाही. सतरंज्या अंथरलेल्या, तबक तयार, आणि माणसं तीन. गुरुजी, काका आणि मी. काकांनी थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं, मग झांज माझ्या हातात दिली. आम्ही तिघांनी आरती म्हटली. काका दोन कडव्यांच्या मधे थांबून पुन्हा रस्त्याकडं पाहत होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आरती संपते न संपते तोच काकांचा फोन वाजला. पुण्याहून कुणी होतं. अहो, आमची पाळी अजून लावता होय, असं विचारत होतं. मग नागपूरहून फोन आला, मग आणखी एक. त्या दिवसाच्या चारही पाळ्या माझ्या फॉर्म्युल्यानं जबलपूर सोडून गेलेल्या घरांना लावल्या होत्या. एका म्हातारीनं तर फोन स्पीकरवर टाकायला लावला, तिकडं बसून आरती म्हटली आणि मग रडली. काका तासभर बोलत होते. हओ, हओ, म्हणत मांडवात येरझाऱ्या घालत होते. त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. फोन थांबले तेव्हा ते सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "चूक ती चूकच. पण आज बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी त्यांनी तीच शीट समोर ठेवली. चूक कुठं आहे ते सांगितलं नाही. ती मला सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली होती आणि आम्ही दोघंही उपाशी राहिलो. त्यानंतर मी कधी शून्य विसरले नाही.

पुढच्या चार महिन्यांत ते मला बरंच पुढं घेऊन गेले. सूत्र खाली ओढताना यादी जागची हलू नये म्हणून डॉलरची खूण लावायची, डावीकडचं हवं असेल तर इंडेक्स आणि मॅच जोडून वापरायचं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी पास झाले. निकाल कळला तेव्हा पहिल्यांदा मझौलीची ती मागची खोली माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि मी खरोखर रडले. काका आपल्या टेबलावरूनच म्हणाले, "आज मिरची नाही ना?" म्हणजे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

आठवड्याभरात ऑर्डर आली. पास झालेल्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुख्य कार्यालयात पाठवतात, हे मला ठाऊक नव्हतं. ऑर्डर देताना विभागाचे बडे बाबू हसून म्हणाले, "स्केल बाबू का तो यही है, जिसको सिखाते हैं वही चला जाता है." माझ्याआधी त्यांनी पाच जणांना असंच शिकवलं होतं. पाचही जण पास झाले आणि गेले. मी काकांकडं गेले आणि जरा चिडूनच विचारलं, की हे आधी का नाही सांगितलं. त्यांनी पट्टी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. "मग काय करू? नापास करून ठेवू तुला इथं?"

नव्या कार्यालयात चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन केला आणि काउंटइफ कसं वापरायचं ते विचारलं. ते मला चांगलं येत होतं. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, मी हं हं करत पोळी खाल्ली. पुढच्या आठवड्यात सम-इफ विचारलं. मग दोन अटी एकत्र कशा घालायच्या ते. तीन-चार दिवसांआड मी काहीतरी विचारायची आणि ते सावकाश, एकही पायरी न गाळता समजावायचे. मधेच आज कुठली भाजी ते विचारायचे. वर्षभर हे चाललं. त्या काळात मी जितकं विचारलं, तितकं अडाणी माणूस त्या कार्यालयात टिकूच शकलं नसतं.

मग ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं आणि मुलगी न्यायला आली होती. त्यांना जायचं नव्हतं, पण राहायला जागा नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी फोन केला आणि तारखांचा कुठला तरी फॉर्म्युला विचारला. या वेळी त्यांनी समजावलं नाही. म्हणाले, "बेटा, हे तर तुला येतं. सगळंच येत होतं. आता जे येत नाही ते विचार."

पुढच्या वेळी विचारते, काका, असं मी म्हटलं. ते अच्छा म्हणाले, चलो म्हणाले, आणि फोन ठेवला. बंगळुरूला गेल्यावर दोनदा बोलणं झालं, पण एखाद्या सुनेसारखी रीतीपुरती खुशाली विचारून मी फोन ठेवत गेले. पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या मुलीचा निरोप आला की बाबा गेले.

मला जे येत नव्हतं ते फार अवघड नव्हतं. संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या खोलीत शिरल्यावर पहिलं काय करायचं, एवढंच. त्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं होतं. मी विचारलं असतं तर डबा बाजूला सारून त्यांनी मला तेही पहिल्यापासून सांगितलं असतं.