ओग्न्यानने पुसण्याआधी

शेजारची स्नेझाना दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते. समुद्रातल्या जेलीफिशचे तिचे आकडेसुद्धा संशोधन करणाऱ्या चौघांच्या संगणकांवर असतात, शिवाय वर, इंटरनेटवरच्या त्यांच्या सामायिक जागेत. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं ‘गिट’ नावाची प्रणाली सांभाळते.

म्हणून त्या शनिवारी ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने आमच्या गॅलरीत आली तेव्हा काहीतरी मोठं बिघडलंय हे मी ओळखलं. लुतेनित्सासाठी, म्हणजे मिरच्या-टोमॅटोच्या चटणीसाठी, मी मिरच्या भाजत होते.

“रुमे, ओग्न्यानचा अख्खा उन्हाळा मी घालवला.”

संध्याकाळी लेख पाठवायचा होता. तिचे बदल वर चढेनात. गिट म्हणत होतं, आधी दुसऱ्यांचं उतरवून घे. हिने घाईत जबरदस्तीने आपलंच चढवलं, आणि त्या चौघांतल्या ओग्न्यानने उन्हाळाभर बोटीवर बसून दुरुस्त केलेले आकडे वरून पुसले गेले.

“बाकी कोणाकडे नाहीत?”

“आम्ही तिघांनी उतरवलेच नव्हते. आता फक्त त्याच्या लॅपटॉपवर.”

“मग माग की त्याच्याकडे!”

“त्याची खोड तुला माहीत नाही. काही जुळेना झालं की तो सगळा फोल्डर पुसतो आणि वरून नवा घेतो. वर आता माझंच आहे! आणि फोन उचलत नाहीये.”

ओग्न्यान गावी, आईकडे गेला होता. “मग आईला लाव,” मी म्हटलं.

तिने फोन स्पीकरवर टाकला. दोन्कामावशींनी लगेच उचलला. “स्नेझे, जेवलीस का गं? हा बघ, ताट टाकून त्या यंत्रात डोकं घालून बसलाय. काही जुळत नाही म्हणून शिव्या घालतोय.”

स्नेझानाच्या हातातून फोन मीच ओढला. “मावशी, त्याला कशालाही हात लावू देऊ नका!”

पलीकडे खुर्ची सरकली. “ऊठ! ऊठ म्हणते ना!” “अगं आई, एक मिनिट—” मग काहीच ऐकू येईना. मिरच्या करपल्याचा वास येत होता, पण मला उठवेना.

“घेतलं काढून,” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “मांडीवर धरून बसलेय. चाळिशीचा झाला, ऐकेल तर शपथ!”

मग ओग्न्यानचा आवाज आला. “काय चाललंय तुमचं? नक्की पुसू का, असं विचारत होतं ते. हो म्हणणार, तेवढ्यात आईने—”

स्नेझाना भिंतीला टेकून खाली बसली. “पुसू नकोस. वरचे तुझे आकडे गेलेत. जबरदस्तीने चढवलं कोणीतरी... मी.”



“तू?” ओग्न्यान म्हणाला.

“आधी जेव,” मागून मावशी म्हणाल्या. “मग भांडा.”